पडलें म्हणजे निजलें

मूल घेऊन परगावी निघालेल्या बाईला लोक सतरा गोष्टी सांगतात. पाणी उकळून घे, टोपी घे, तीट लावायला विसरू नकोस. ते निजेल कुठे, हे कुणी विचारत नाही. माझ्या आईनेसुद्धा विचारलं नव्हतं. मी मात्र त्याच काळजीने पछाडले होते, कारण आमचं कार्टं सोळा महिन्यांचं होतं आणि झोपेत अख्ख्या अंथरुणाला प्रदक्षिणा घालायचं. पुण्यात आम्ही त्याला घडीच्या पाळण्यात निजवायचो. चारी बाजूंनी जाळी, तळाशी पातळ कडक गादी, आत ना उशी ना दुलई. त्यात तो गडगडला, आडवा झाला, उभा राहून बोंबलला, तरी बाहेर येऊ शकत नसे. कुंभकोणमला जायचं ठरलं तेव्हा मी माझ्या कपड्यांची बॅग अर्धी केली आणि पाळणा उचलला. नवरा म्हणाला, "अगं, तिकडची माणसं मुलं वाढवत नाहीत का?" मी म्हटलं, "वाढवत असतील. पण हे मी वाढवतेय."

ऐकायला झकास वाटतं. हा बाणा जेमतेम कुंभकोणमच्या स्टेशनापर्यंत टिकला.

सासरची मंडळी मराठीच. त्यांचे पूर्वज कधीकाळी तंजावरच्या दरबाराच्या आसऱ्याने इकडे आले आणि इकडचेच झाले. सासऱ्यांचं पितळी समयांचं दुकान होतं. नाचियार्कोविलच्या कारागिरांकडून समया आणायच्या, गावात विकायच्या. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर पाऊल पडलं की तमिळ. ती मराठी मी पहिल्यांदा लग्नात ऐकली आणि मला हसू आलं. जुन्या बखरीतलं कुणी चालत येऊन आपल्याला चहा विचारतंय असं वाटलं. माझं हसणं नणंदेने पाहिलं. ते तिने कधी बोलून दाखवलं नाही आणि कधी विसरलीही नाही.

त्यात सासरे गेले तेव्हा मी आले नाही. मूल चार महिन्यांचं होतं, त्याला खोकला होता, डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं होतं. नवरा एकटा आला. कारणं सगळी खरी होती, पण कारणं पुण्यात राहिली आणि कुंभकोणमला एवढंच पोचलं की सून आली नाही. म्हणून वर्षश्राद्धाला मी आठ दिवस आधीच हजर झाले. पदर खोचून कामाला लागायचं, तोंडाला कुलूप घालायचं, आणि जाताना या बाईंच्या तोंडून आपल्याबद्दल एक चांगला शब्द घेऊन जायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. हे मी आधीच कबूल करते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला गरीब गाय समजणार नाही.

सासूबाईंनी नातवाला पहिल्यांदा पाहिलं, उराशी धरलं, रडल्या. मग आम्हाला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं. तिथे त्यांचा सागवानी कट्टिल होता. कट्टिल म्हणजे पलंग, पण पलंग म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे येईल त्याहून बराच उंच. माझ्या कमरेला लागायचा. खाली दुकानातल्या समयांची खोकी रचलेली. त्यांची दोन्ही मुलं त्याच्यावर वाढली होती. नातू येणार म्हणून त्यांनी तो पॉलिश करून घेतला होता, नवी गादी भरून घेतली होती. मी मान डोलावली आणि दुसऱ्या बाजूने माझा पाळणा उघडायला घेतला. खटाखट चार दांड्या उभ्या राहिल्या, जाळी ताणली गेली. सासूबाई दारातून बघत होत्या.

"हें काय गे? लेंकरूं कोंबडी आहे काय?"

नणंद खुदकन हसली. मी म्हटलं, "आई, तो झोपेत फार लोळतो. वरून पडेल."

"माझीं दोन पडलीं नाहींत," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या घरीं पिंजरा नको."

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा खिडकीची कडी तपासत होता. आमच्या नवऱ्याला अशा वेळी कुठली ना कुठली कडी सापडतेच.

मी म्हटलं, बरं, मग खाली गादी घालते. जमिनीवरून पडून पडून मूल कुठे पडणार? त्यावर सासूबाई तोंड फिरवून निघून गेल्या. नणंदेने मला बाजूला घेतलं. "बाबांना भुईवरच ठेवलें होतें ना. वर्ष सरेपर्यंत लेंकराला भुईवर निजवायचें नाहीं. आईला सोसायचें नाहीं." नवरा गेलेल्या बाईशी मी गादीवरून भांडणार होते का? म्हटलं, बरं. आता गंमत बघा. त्याच भुईवर बाकीची सगळी मोठी माणसं चटया टाकून निजत होती. सासूबाई, नणंद, नवरा, श्राद्धासाठी तिरुप्पनंदाळहून आलेली नवऱ्याची म्हातारी आत्या, सगळी. ज्यांना पडायची भीती नाही ती जमिनीवर आणि ज्याला आहे तो कमरेएवढ्या उंचीवर. नवरा म्हणाला, "आठच दिवस. ॲडजस्ट कर." मी पाळण्याची घडी केली आणि तो भिंतीला टेकवून ठेवला.

रात्री मी कट्टिलावर बाहेरच्या कडेला निजायचे, हात त्याच्या अंगावर टाकून. झोप नव्हतीच. खरा प्रश्न दिवसाच्या झोपेचा होता, कारण दिवसा मला कामं होती. मी कट्टिल भिंतीला सारला, तरी भिंत आणि लाकूड यांच्यात हात जाईल एवढी फट राहिली. त्यात चादर कोंबली. बाहेरच्या बाजूला घरातले दोन लोड आडवे लावले, लोडांपुढे खुर्ची. सासूबाई म्हणाल्या, किल्ला बांधलीस की. मलाही तो किल्लाच वाटला. चालायला लागलेल्या मुलाला लोड म्हणजे पायरी, हे कळायची अक्कल मला तेव्हा नव्हती.

राखणीला आत्या होती. ती खोलीच्या दारात पाय पसरून बसायची, सुपात काहीतरी निवडायची. बोलणं अगदी बारीक, एका सुरातलं. घर पेटलं असतं तरी तिने त्याच सुरात सांगितलं असतं. पहिल्या दिवशी मी परसात कपडे धूत होते. आत्या मागच्या दारात आली आणि म्हणाली, "लेंकरूं पडलें."

मी हातातली बादली टाकून धावले. ओल्या पायांनी घसरले, गुडघा फोडून घेतला, खोलीत शिरले. पोरगं कट्टिलावर हातपाय पसरून घोरत होतं. मागे सासूबाई आणि नणंद पोट धरधरून हसत होत्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "पडलें" म्हटलं की मी धावायची आणि घर हसायचं. शेजारीण आली तेव्हा सासूबाईंनी तिला तमिळमध्ये सगळं रंगवून सांगितलं. मला त्यातलं 'पुणे' कळलं आणि हसू कळलं.

शेवटी नणंदेने शिकवलं. ती मला मन्नी म्हणायची, म्हणजे वहिनी. "पडणें मणजे निजणें हो, मन्नी. तमिळांत 'पडु' मणतात की. आम्ही दोन्ही एकच करून टाकलें." मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. आपल्याकडेही माणूस जेवून दुपारी जरा पडतो. पण आपल्याकडे मूल पडत नाही. मूल पडलं म्हणजे पडलंच. इथे तमिळच्या शेजाराने तो शब्द सैल झाला होता आणि आजीपासून नातवापर्यंत सगळे दिवसाचे 'पडत' होते. "आणि खरंच पडलं तर काय म्हणता?" मी विचारलं. नणंद म्हणाली, "तेंही पडलेंच. कळतें की."

त्यांना कळत होतं. मला फक्त शब्द कळला होता.

पाचव्या दिवशी मी जेवणं झाल्यावर हात पुसत म्हटलं, "आई, मी जरा पडतें हां." अगदी त्यांच्यासारखा हेल काढून. सासूबाईंनी पान लावता लावता वर पाहिलं, हसल्या, आणि नणंदेला म्हणाल्या, "आतां ही आमची जाहली." लग्नाला पाच वर्षं झाली होती. या घरात मिळालेला तो माझा पहिला चांगला शब्द. मी इतकी हरखले की दुपारभर झोप लागली नाही. त्या दिवसापासून आत्या "पडलें" म्हणायची तेव्हा मी धावत नसे. "शेरी, आत्या," म्हणायची. शेरी म्हणजे बरं. माझी मलाच शाबासकी वाटायची.

श्राद्धाच्या दिवशी सासूबाईंनी मला सोवळ्यात घेतलं. ज्यांच्या घरी हे नाही त्यांना सांगते. सकाळी न्हाऊन वेगळं वाळवलेलं लुगडं नेसायचं आणि मग श्राद्धाचा स्वयंपाक होईपर्यंत कुणाला, कशाला शिवायचं नाही. मुलालाही नाही. पुण्यात मला कुणी हे सांगितलं असतं तर मी दोन तास वाद घातला असता. तिथे मला मान वाटला. घरची सून श्राद्धाचे वडे करणार! पोराला मी नाश्ता भरवून आधीच नणंदेच्या हवाली केलं. दहाच्या सुमाराला तिने त्याला मागच्या खोलीत निजवलं, लोड लावले, आत्याला दारात बसवलं आणि ती केळीची पानं पुसायला गेली.

पुढे भटजींचे मंत्र चालले होते, नवरा पाटावर बसला होता. स्वयंपाकघरात वड्यांची डाळ ग्राइंडरमध्ये फिरत होती. दगडी पाट्याचा तो मोठा ग्राइंडर, तो चालू असला की समोरच्याचे नुसते ओठ हलताना दिसतात. मी पीठ कालवत होते. आत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली. ती सोवळ्यात नव्हती म्हणून आत आली नाही. तिथूनच म्हणाली. तिचे ओठ मला दिसले. "लेंकरूं पडलें."

मी हसून, आवाज चढवून म्हटलं, "पडूं दे, आत्या!"

आत्या तशीच उभी राहिली. तिचा चेहरा काहीतरी वेगळाच झाला. मला वाटलं, आपली भाषा ऐकून म्हातारी चाट पडली. मी आणखी हसले आणि पिठात हात घातला. ती वळली आणि भिंत धरत गेली.

किती वेळ गेला मला माहीत नाही. पाच मिनिटं असतील, दहा असतील. ते आकडे मी पुष्कळदा मनात लावून पाहिले आहेत, कधी कमी करून, कधी जास्त. सासूबाईंनी ग्राइंडर बंद केला आणि ते रडणं ऐकू आलं. नव्याने पडलेल्या मुलाचं नव्हे. रडून रडून घसा बसलेल्या मुलाचं.

मी उंबरा ओलांडला तेव्हा मागून सासूबाई ओरडल्या, "सोवळें गे! सोवळें!"

तो कट्टिलाच्या खाली, समयांच्या खोक्याला लागून पडला होता. वर लोड जागच्या जागी होते. तो त्यांच्यावर चढला असणार, खुर्ची सरकली असणार. आत्या त्याच्याजवळ जमिनीवर बसली होती, एक हात त्याच्या पोटावर. तिच्या गुडघ्यांना त्याला उचलणं झेपत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं. आई असून ही बाई अशी कशी, असं तिच्या डोळ्यांत स्वच्छ लिहिलं होतं. मी त्याला उचललं तर तो किंचाळला आणि डावा हात नुसता लोंबला.

नवऱ्याला पाटावरून उठता येईना. श्राद्ध मध्ये सोडायचं नसतं. तो वळून बघत राहिला, भटजी पुढे म्हणत राहिले. नणंद आणि मी रिक्षाने दवाखान्यात गेलो, मी सोवळ्याच्या लुगड्यात, हाताला पीठ तसंच. डॉक्टरांनी किती उंचीवरून पडला विचारलं, उलटी झाली का, शुद्ध हरपली होती का, लगेच रडला का. नणंद तमिळमधून मराठीत आणत होती. लगेच रडला का, या प्रश्नाला मी काय सांगणार? मी म्हटलं, माहीत नाही. फोटो काढला. गळ्याजवळचं हाड, कॉलरबोन, त्याला तडा गेला होता. डोकं वाचलं होतं. तीन आठवडे हात छातीशी बांधून ठेवायचा.

मग डॉक्टर बरंच बोलले. हाताने उंची दाखवली, जमिनीकडे बोट केलं. एव्हाना मला चार तमिळ शब्द येत होते. 'तरै' म्हणजे जमीन, तो त्यांनी दोनदा म्हटला. मी नणंदेला विचारलं, काय म्हणतात? ती म्हणाली, "काळजी घ्या मणतात."

घरी आलो तेव्हा जेवणं आटोपली होती. सासूबाईंनी नातवाला पाहून कपाळावर हात मारला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आत्यानें जाऊन सांगितलें. तर हीच मणाली, पडूं दे."

नवऱ्याने मला विचारलं, "तू असं म्हणालीस?"

मी म्हटलं, "हो, पण..." आणि थांबले. मला वाटलं, पुढचं तो बोलेल. त्या घरात दोन्ही मराठी बोलणारा माणूस तो एकटा होता. त्याला पडण्याचे दोन्ही अर्थ पाठ होते. त्याने एक वाक्य बोलायचं होतं, आई, तिला वाटलं तो निजला. एवढंच. तो म्हणाला, "जाऊ दे आता." त्या क्षणी मी त्याच्यावर जी चिडले ती अजून पुरती शांत झालेली नाही, आणि हे तो वाचणार आहे हे मला माहीत आहे.

आत्या संध्याकाळच्या बसने तिरुप्पनंदाळला गेली. जाताना मुलाचं पाऊल हातात धरून रडली. दिवसभरात त्याच्यासाठी रडलेली ती एकटी. मी तिला समजावायला गेले, की आत्या, मला तसं म्हणायचं नव्हतं. ती म्हणाली, "शेरी, बाळ, शेरी." तिला पटलं की नाही कळलं नाही. दीड वर्षाने ती वारली.

हाड जुळलं. मुलांची हाडं जुळतात. गोष्ट मात्र त्या घराला कायमची लागली. आधी ती माझ्याविरुद्धची तक्रार होती, मग हळूहळू तिचा विनोद झाला, आणि विनोदाशी भांडता येत नाही. कुणी उशिरा उठलं की सासूबाई म्हणायच्या, पडूं दे. सगळे हसायचे, मीही हसायची. चार वर्षांनी नणंद तिच्या वर्षाच्या मुलीला घेऊन आली तेव्हा मागच्या खोलीत जमिनीवर गादी घातलेली होती. वर्ष कधीच सरलं होतं ना.

मी त्यांना दोष देते, आणि तो त्यांचा आहेच. पण मला माझं माहीत आहे. मूल कुठे निजवायचं हे मला ठाऊक होतं, त्यासाठीची वस्तू मी देशाच्या या टोकापर्यंत ओढत आणली होती, आणि मी ती एका वाक्यात मिटली. आता कुणी लहान मूल घेऊन परगावी निघालं की मी न विचारता सांगते, जमिनीवर निजव, लोड लावू नकोस, फट बघ, आणि कुणी हसलं तर हसू दे. लोकांना वाटतं, ही फार चिकित्सक आहे.

यंदा पोंगलला आम्ही गेलो होतो. मुलगा आता आठ वर्षांचा आहे. जेवताना नणंदेने ती गोष्ट त्याला सांगितली, नकलेसकट, माझा हेल काढून. पानावरची सगळी हसली. तो हसला नाही. दुपारी मी चादरींच्या घड्या घालत होते तर तो येऊन बसला.

"तुला माहीत होतं मी वरून पडेन?"

"माहीत होतं."

"मग तू नको का नाही म्हणालीस?"

"म्हटलं होतं. एकदा."

"एकदाच?"

"हो."

"का?"

मुलांशी खोटं बोलायची माझी तयारी असते, पण त्या दिवशी काही सुचलं नाही. मी म्हटलं, "मला वाटत होतं, या सगळ्यांनी मला चांगली म्हणावं."

त्याने जरा विचार केला. रागावला नव्हता, नुसता विचारत होता. "मग म्हणाले?"

"हो," मी म्हटलं. "तीन दिवस."